वय बघून प्रेक्षक मोजणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
टीव्ही चॅनल आणि स्ट्रीमिंग कंपन्यांमध्ये कुठली मालिका ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवणारे सगळे साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या सीबीएस चॅनलवर २०२५ च्या ऑक्टोबरात 'शेरीफ कंट्री' सुरू झाली. उत्तर कॅलिफोर्नियातलं काल्पनिक गाव, तिथली बाई शेरीफ, म्हणजे काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखी) पोलीसप्रमुख, आजूबाजूला जंगल. आमच्या ऑफिसात लगेच चर्चा सुरू, कुणाला शेरीफ आवडली, कुणाला स्टोरी घाईत पळवल्यासारखी वाटली, कुणी म्हणालं आमच्या काउंटीत असं काही होत नाही. ते ऐकताना मला सारखी 'लाँगमायर' ही जुनी शेरीफचीच मालिका आठवत होती, आणि २०१४ साली बघणाऱ्यांचं वय जास्त म्हणून ती बंद केली गेली तेही. दहा वर्षांच्या वर झाली त्याला पण माझा राग काही गेलेला नाही. आता गावाकडच्या शेरीफची नवीन मालिका आलीच आहे, उद्या अजून येतील, तर वेळेत बोललेलं बरं म्हणून हे पत्र.

मराठीत लिहितोय कारण माझ्यासारखी कितीतरी मराठी माणसं इथे अमेरिकेत या मालिका बघतात, आणि आई-वडील व्हिसावर सहा महिने आले की त्यांच्यासोबत परत पहिल्यापासून बघतात, आणि तुमच्या हिशोबात ही माणसं कुठेच नसतात. त्यांना तरी कळू दे की त्यांच्या आवडत्या मालिका अचानक कुठे जातात.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉल्ट लाँगमायर हा वायोमिंग राज्यातल्या अ‍ॅबसारोका नावाच्या काल्पनिक काउंटीचा शेरीफ. बायको जाऊन वर्ष झालंय, माणूस आतून मोडलाय, मोबाईल वापरत नाही, जुन्या फोर्ड ब्रॉन्कोतून फिरतो. हाताखाली मोजून तीन डेप्युटी आणि ऑफिस सांभाळणारी रूबी. त्या तिघांतलाच एक, ब्रँच, निवडणुकीत त्याच्याच विरुद्ध उभा. हे आपल्याकडच्या लोकांना पटकन कळत नाही, आपला एसपी बदलीवर येतो आणि बदलीवर जातो, इथे काउंटीचा शेरीफ लोक मतं देऊन निवडतात, वायोमिंगमध्ये दर चार वर्षांनी. (मुंबईलाही शेरीफ असतो, पण ते वर्षभराचं मानाचं पद, सुनील गावसकरही होते त्या पदावर. त्याचा आणि पिस्तूल लावून फिरणाऱ्या या शेरीफचा संबंध नाही.) म्हणजे ज्याच्या पोराला रात्री पकडायचं त्याच्याच दारात उद्या मत मागायला जायचं. अर्धी मालिका या एका अडचणीवर उभी आहे.

क्रेग जॉन्सन यांच्या कादंबऱ्यांवरून केलेली ही मालिका ३ जून २०१२ ला ए अँड ई चॅनलवर आली. पहिला एपिसोड ४१ लाख लोकांनी बघितला, त्या चॅनलच्या स्वतःच्या कुठल्याही ड्रामाला तोपर्यंत एवढी सुरुवात मिळाली नव्हती. तीन सीझन झाले, तिसरा ४ ऑगस्ट २०१४ ला संपला तो बंदुकीच्या आवाजावर, कोण मेलं कोण वाचलं काही कळायच्या आत स्क्रीन काळी. आणि त्याच महिन्यात बातमी आली की मालिका बंद.

का? लोक बघत नव्हते म्हणून? नाही. चॅनलवरच्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या मालिकांमध्ये होती ती. कारण असं बाहेर आलं की बघणाऱ्यांचं वय साठीच्या आसपास आहे, आणि अ‍ॅडवाल्यांना हवेत पन्नाशीच्या आतले. त्यात मालिका वॉर्नर स्टुडिओची, चॅनलच्या मालकीची नाही, म्हणजे ती पुढे विकून येणारा पैसाही वॉर्नरचाच. मालकीचं मी समजू शकतो, धंदा आहे, ज्याचा माल त्याचा नफा. पण वयाचं? लाखो माणसं दर आठवड्याला ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर येऊन बसतायत आणि तुम्ही म्हणताय ही बरोबर माणसं नाहीत!

मला तुमच्याशी बोलायचंय ते यावरच. तुम्ही प्रेक्षकाचं वय मोजता, तो किती मन लावून बघतो आणि किती वर्षं टिकतो हे मोजत नाही. आणि गावाकडच्या, संथ चालीच्या गुन्हेगारी मालिकेत तर तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

आमच्या घरचं सांगतो. माझे बाबा सांगली जिल्हा पोलिसातून सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. आई शाळेत शिक्षिका होती. आम्ही फोर्ट कॉलिन्सला राहतो, कोलोरॅडोच्या उत्तर टोकाला, तासाभरात वायोमिंगची हद्द लागते. दोघं इथे आले की दिवसभर घरात, गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणी ओळखीचं नाही, बाहेर बर्फ, टीव्ही हाच काय तो आधार. मी त्यांना बऱ्याच मालिका लावून दिल्या, फटाफट कट, फटाफट डायलॉग, मागे ढँण ढँण म्युझिक, आईला दहा मिनिटांत काही कळेनासं व्हायचं आणि ती उठून भाजी चिरायला लागायची. 'लाँगमायर' लावली तर हलली नाही. इंग्लिश तिला बेताचंच कळतं पण इथे लोक बोलतातच कमी, आणि जे बोलतात ते थांबून, आणि वॉल्टच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. त्याने बायकोच्या अस्थी घरातच ठेवून दिल्यात हे तिला पहिल्याच दिवशी कळलं आणि ती कमालीची अस्वस्थ झाली, रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की पहिला प्रश्न, "केलं का रे त्याने विसर्जन?" खुनी कोण याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला त्या माणसाचं दुःख सुटलेलं बघायचं होतं, आणि मला वाटतं मालिकेचा खरा धागा तोच होता, लिहिणाऱ्यांनी तो हातात धरून ठेवला होता.

बाबांचं वेगळंच. ते ड्युटीवर असल्यासारखे बघायचे. "पंचनामा कुठाय? पंच कुठायत? एकटाच कसा गेला हा बॉडीपाशी?" प्रत्येक एपिसोडला चुका काढायच्या, वॉल्ट पुरावा हातात घेतो, वॉल्ट कुणाला न सांगता रात्री निघतो, वॉल्ट स्टेशन डायरी लिहिताना एकदाही दिसला नाही. पण जेव्हा वॉल्ट मेलेल्याच्या घरी स्वतः जाऊन बातमी सांगतो, टोपी काढून दारात उभा राहतो, तेव्हा बाबा एकदम गप्प व्हायचे. एकदा म्हणाले, "हे काम कुणालाच नको असतं, साहेब लोक नेहमी खालच्याला पाठवतात." चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी किती दारं त्यांनी वाजवली असतील ते कधी बोलले नव्हते, त्या आठवड्यात दोन-तीन बोलले. आता मला सांगा, तुमच्या तक्त्यात हे दोघं म्हणजे साठीच्या वरचे दोन डोकी, अ‍ॅडच्या दृष्टीने शून्य. मी मात्र इतकं बारकाईने बघणारे प्रेक्षक दुसरे पाहिले नाहीत.

बरं, म्हातारी माणसं म्हणजे काहीही चालवून घेणारी असा एक समज असतो, तोही काढून टाका डोक्यातून. या मालिकेवर तक्रारी कमी नव्हत्या आणि त्या सगळ्या बघणाऱ्यांच्याच होत्या.

पहिली तक्रार डोंगरांची. माझ्या ऑफिसात एक जण शेरिडनचा आहे, म्हणजे बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याचा, मालिकेचा मूळ परिसर तोच. तो म्हणतो हे वायोमिंग नाहीच. खरंय, शूटिंग सगळं न्यू मेक्सिकोत, सँटा फेच्या आसपास आणि लास व्हेगस नावाच्या छोट्या गावात. (जुगारवालं लास व्हेगस नव्हे, ते नेवाडात.) मालिकेतलं ड्युरंट गाव म्हणजे त्या लास व्हेगसचा चौक. मी स्वतः आय-२५ हायवेने पार वर बफेलोपर्यंत जाऊन आलोय, तो हायवे तिथेच संपतो, कादंबऱ्यांमधलं ड्युरंट या बफेलोवरूनच घेतलंय, तिथला जुना ऑक्सिडेंटल हॉटेलवाला रस्ता, मागे क्लाउड पीकचा बर्फ, आणि मग लक्षात येतं की तो शेरिडनवाला का चिडतो. तिथलं गवत वेगळं, वारा वेगळा, उजेड वेगळा. साताऱ्याची गोष्ट विदर्भात शूट केली तर साताऱ्याच्या माणसाला पहिल्या फ्रेममध्ये कळणार, तसंच हे. पण हेही सांगतो, त्या बफेलो गावाने या सगळ्यावरून मालिकेला नाकारलं नाही, दर उन्हाळ्यात तिथे 'लाँगमायर डेज' भरतात, कलाकार येतात, लोक कुठून कुठून गाड्या काढून येतात. मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी. पन्नाशीच्या आतल्यांसाठी बनवलेल्या तुमच्या किती मालिकांच्या नावाने एखादं गाव असा उत्सव करतं?

दुसरी तक्रार खुनांची. वायोमिंग म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात कमी लोकसंख्येचं राज्य, २०२० च्या जनगणनेत ५ लाख ७६ हजार माणसं, आणि क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून जास्त. अख्ख्या राज्यात काउंट्या २३. त्यातली नायोब्रारा काउंटी तर अडीच हजार माणसांचीही नाही. अशा ठिकाणी दर आठवड्याला एक खून झाला तर एक दिवस मतदार यादीच संपेल, हे लोक म्हणणारच आणि बरोबरच आहे त्यांचं. मला त्याहून खटकायचं ते असं की गावातल्या शेरीफचा खरा दिवस ज्या कामांत जातो ती कामं मालिकेत कमी दिसायची. सुटलेली गुरं, दारू पिऊन चालवलेल्या गाड्या, नवरा-बायकोची भांडणं, कुंपणावरून दोन शेजाऱ्यांची जुनी दुष्मनी, पन्नास मैलांवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला बघून येणं. जेव्हा जेव्हा ते आलं तेव्हा एपिसोड सुंदर झाला. नवीन शेरीफवाल्यांनी हे जरूर ऐकावं, लोकांना दर वेळी प्रेत नको असतं.

तिसरी तक्रार सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. मालिकेत काउंटीच्या शेजारी शायेन लोकांचं रिझर्व्हेशन आहे, म्हणजे तिथल्या मूळ जमातीसाठी राहिलेली त्यांची जमीन, त्यांचं वेगळं पोलीस खातं. प्रत्यक्षात नॉर्दर्न शायेनचं रिझर्व्हेशन वायोमिंगमध्ये नाहीच, ते वर मोंटानात, लेम डिअरला. वायोमिंगमध्ये एकच मोठं रिझर्व्हेशन आहे, विंड रिव्हर, तिथे ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो राहतात. काल्पनिक काउंटी आहे म्हणून हे सोडून देऊ. पण कायदा काल्पनिक नसतो. रिझर्व्हेशनवर मूळ जमातीच्या माणसाने गंभीर गुन्हा केला तर १८८५ च्या मेजर क्राइम्स अ‍ॅक्टप्रमाणे ते प्रकरण केंद्राकडे, म्हणजे एफबीआयकडे जातं. बाहेरच्या गोऱ्या माणसाने तिथे जाऊन गुन्हा केला तर १९७८ च्या सुप्रीम कोर्टाच्या ऑलिफंट निकालापासून जमातीचं कोर्ट त्याच्यावर खटला चालवूच शकत नव्हतं, २०१३ मध्ये घरगुती हिंसाचारापुरती थोडी सूट मिळाली. म्हणजे मधल्या काळात कित्येक बायकांवर अत्याचार करणारे बाहेरचे लोक आरामात निघून गेले, कारण ज्या पोलिसाने पकडायचं त्याला हक्क नाही आणि ज्याला हक्क आहे तो शेकडो मैल लांब. यापेक्षा मोठी गुन्हेगारी कथा कुठली असणार?

'लाँगमायर'ने यातलं थोडं घेतलं हे मी मान्य करतो आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे. पहिल्याच एपिसोडमध्ये वॉल्ट रिझर्व्हेशनवर जातो तेव्हा तिथला पोलीसप्रमुख मथायस त्याला उभा करत नाही, तुझा इथे काय संबंध असं तोंडावर विचारतो. मुलं रिझर्व्हेशनवरून उचलून बाहेरच्या घरांत ठेवण्याचा विषय एका एपिसोडमध्ये आला. बायकांच्या सक्तीच्या नसबंदीचा विषय आला, आणि ते काही लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, १९७६ च्या सरकारी अहवालातच आहे की सरकारी आरोग्यसेवेच्या चार विभागांत १९७३ ते १९७६ या काळात मूळ जमातीच्या बायकांच्या ३,४०६ नसबंद्या झाल्या आणि संमतीच्या कागदपत्रांत नियम पाळले गेले नव्हते. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिला आपल्याकडची आणीबाणी आठवली, तिच्या माहेरच्या गावातल्या माणसांना गाडीत घालून नेलेलं तिने लहानपणी बघितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे सगळीकडे गरिबालाच धरतात." मग तो एपिसोड आम्ही परत बघितला.

पण तरी दरवेळी सोडवायला वॉल्टच. गोरा शेरीफ जातो, सगळ्यांना अडचणीतून काढतो, मथायस मागून येतो. आणि हेन्री स्टँडिंग बेअर, वॉल्टचा जिवलग मित्र, शायेन माणूस, त्याचं काम केलंय लू डायमंड फिलिप्सने, जो जन्माने फिलिपिन्सचा, शायेन नाही. काम त्याने फार मनापासून केलंय, मला हेन्री वॉल्टइतकाच आवडतो, पण शायेन माणसाला शायेन माणूस बघायला आवडला असता असं कुणी म्हटलं तर त्यात चूक काय? त्याच वेळी मथायस झालेला झॅन मॅक्लार्नन हा हंकपापा लकोटा जमातीचा, आणि मलकाय, म्हणजे रिझर्व्हेशनचा आधीचा पोलीसप्रमुख, झालेला ग्रॅहम ग्रीन (२०२५ च्या सप्टेंबरात गेला, फार मोठा नट) हा ओनायडा जमातीचा. मालिकेने या लोकांना काम दिलं, नुसतं मागे उभं करायचं काम नाही, राग असलेली, डाव खेळणारी, चुका करणारी माणसं उभी करायचं काम. आणि मग २०२२ मध्ये एएमसीवर 'डार्क विंड्स' आली, सत्तरच्या दशकातले नव्हाहो जमातीचे पोलीस, आणि मुख्य भूमिकेत तोच झॅन मॅक्लार्नन. आता गोष्ट आतून दिसायला लागली, जीप जमातीच्या पोलिसाची आणि बाहेरून येणारा एफबीआयवाला हा पाहुणा. मला ते बघताना फार बरं वाटलं. मथायसवर लोक जे इतकी वर्षं बोलत होते, यालाच मालिका द्या म्हणत होते, ते कुणीतरी ऐकलं असं मला तरी वाटलं. ते लोक म्हणजे कोण, तर तेच, टिकून बघणारे.

आता चॅनलकडे परत येतो. ए अँड ईने बंद केल्यावर प्रेक्षक गप्प बसले नाहीत, पत्रं, ईमेल, सह्या, फोन, ज्याला जे जमलं ते केलं, ज्यांना तुम्ही टेक्नॉलॉजी कळत नाही म्हणता त्याच वयाच्या माणसांनी केलं, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात नेटफ्लिक्सने मालिका घेतली. १० सप्टेंबर २०१५ ला चौथा सीझन आला. मग पाचवा, सहावा, शेवटचा १७ नोव्हेंबर २०१७ ला. एकूण ६३ एपिसोड. नेटफ्लिक्सला त्या काळात अ‍ॅड विकायच्या नव्हत्या, महिन्याचे पैसे देणारा माणूस साठीचा असो की पंचविशीचा, पैसे तेवढेच. म्हणजे माणसं तीच, मालिका तीच, फक्त मोजायची पट्टी बदलली आणि नालायक ठरलेले प्रेक्षक एका रात्रीत गिऱ्हाईक झाले. यावर तुमच्यापैकी कुणी कधी बसून विचार केला का?

नेटफ्लिक्सवर गेल्यावर सगळं चांगलंच झालं असंही नाही, तेही सांगायला पाहिजे. जाहिरातींचे ब्रेक गेले, एपिसोड लांब झाले, जास्त मोकळे झाले, पण एका एपिसोडमध्ये एक केस ही जी आधी घट्ट बांधणी होती ती सैल झाली. वॉल्टवरच्या नुकसानभरपाईच्या दाव्याचं प्रकरण ताणलं, बाबा तर कंटाळून म्हणाले इथलं कोर्टही आपल्यासारखंच तारखा देतं. वॉल्ट आणि त्याची डेप्युटी विक यांचं नातं कुठे न्यायचं यावरून तर आमच्या घरातच दोन पक्ष होते, आईला ते अजिबात पसंत नव्हतं, माझी बायको विकच्या बाजूने. मला स्वतःला वाटतं ते न्यायला नको होतं, दोन एकट्या माणसांची मैत्री तेवढीच राहिली असती तर जास्त खरी वाटली असती. फर्ग मात्र शेवटपर्यंत सुंदर लिहिला गेला, सुरुवातीला ज्याला कुणी मोजत नाही असा घाबरट डेप्युटी हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहतो, त्यासाठी सहा सीझन लागतात, दहा एपिसोडमध्ये ते होत नाही. हे मला तुमच्या मनावर ठसवायचंय. हल्ली पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या आकड्यांवर तुम्ही निकाल लावता, त्या हिशोबाने फर्गसारखा माणूस कधी उभाच राहणार नाही, कारण पहिल्या सीझनमध्ये तो फक्त फाइली आणि कॉफी आणत असतो.

आणि मग १ जानेवारी २०२५ ला मालिका नेटफ्लिक्सवरून गेली, पॅरामाउंट प्लसवर आली. करार संपतात, मला कळतं. पण ज्यांनी ही मालिका वाचवली त्यांना एवढं तरी आधी आणि नीट सांगायला हवं होतं की ती कुठे जाणार आहे. घरात रिमोट हातात धरून 'कुठे गेली रे ती' विचारणारा माणूस नवीन अ‍ॅप, नवीन पासवर्ड, नवीन पेमेंट या सगळ्यात अडकतो. त्याला बघायचंय, पैसेही द्यायचेत, दारच सापडत नाही.

माझं मागणं फार नाही. नवीन शेरीफच्या मालिकेला, मग ती कुठल्याही चॅनलची असो, दोन सीझन तरी द्या, गावातल्या माणसांची ओळख व्हायला वेळ लागतो, प्रत्यक्ष गावातही लागतोच. प्रेक्षकांचं मत घ्यायचं असेल तर ज्यांच्या भागाची गोष्ट आहे त्यांचं आधी घ्या, त्या काउंटीत राहणारे, त्या रिझर्व्हेशनवर राहणारे, ज्यांनी वर्दी घालून हे काम केलंय ते, यांच्या तक्रारी आधी वाचा. त्यातल्या निम्म्या तरी पुढच्या सीझनचे विषय आहेत, फुकट मिळतायत. बघणाऱ्यांचं वय मोजताच आहात तर त्याच्या शेजारी अजून एक रकाना करा, पहिल्या एपिसोडला होते त्यातले किती जण शेवटच्याला होते. आणि ज्या मालिकेत मूळ जमातीची माणसं आहेत तिथे लिहिणाऱ्यांच्या खोलीतही ती असू देत, सेटवर एखादा सल्लागार ठेवून भागत नाही.

आणि बंद करायचीच वेळ आली तर बंदुकीच्या आवाजावर करू नका. दीड तासाचा एक शेवटचा एपिसोड द्या, तेवढं बजेट सुरुवातीलाच बाजूला काढून करारात लिहून ठेवा. 'लाँगमायर'च्या प्रेक्षकांना चौथा सीझन यायला वर्षाच्या वर वाट बघावी लागली, त्यांना निदान तो मिळाला तरी. त्यांच्यात सत्तरीचे होते, ऐंशीचे होते, आणि त्या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षी बघू म्हणता येत नाही.

कळावे,
फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो इथला एक प्रेक्षक